सगळं त्यात

आमच्या खान्देशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. त्या दिवशी जुना हिशेब फिटायचा, सालदार मोकळा व्हायचा आणि पुढच्या सालाचा सौदा त्याच ओट्यावर बसून व्हायचा. सौद्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक नुसत्या पैशांचं साल, दुसरं खाऊनपिऊन. खाऊनपिऊन सालात दोन वेळची भाकर, वर्षाची दोन धोतरं, एक घोंगडी, पायातला जोडा आणि तंबाखू असायचा. मालक एकेक बोट धरून सगळं मोजून दाखवायचा आणि शेवटी म्हणायचा, "सगळं त्यात आलं बरं." माझ्या वडिलांनी अशी अकरा सालं काढली. माझी माय त्याच वाड्यात शेणपाणी करायची, गोठा झाडायची, सणावाराला दळणं दळायची. तिचं वेगळं काही ठरलेलं नसायचं. तीही त्यातच.

म्हणून संक्रांत झाल्यावर पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा मला आधी वडिलांची घोंगडी आठवली. तो म्हणाला, "नाना, मालवणकडं समुद्रावर तीन रात्रींचं बुकिंग केलंय. राहणं, चहा, नाश्ता, दोन्ही टायमाचं जेवण, सगळं त्यात आहे. तुम्हाला अन् मायला खिशात हात घालायचं कामच नाही."

मी म्हटलं, "तंबाखूबी त्यातच का रे?"

त्याला काही कळलं नाही. कळणार कसं? त्यानं सालदार पाहिले ते आमच्याकडं कामाला येणारे. आजोबा सालदार होते हे त्याला ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं.

मेहरूण म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी माहीत असतात. एक आमचा तलाव आणि दुसरी बोरं. मेहरूणचं बोर दिसायला लहान, पण तोंडात टाकलं की माणूस दुसऱ्यासाठी हात पुढं करतोच. हे झाड काळ्या कसदार जमिनीचे लाड मागत नाही. बरड, मुरमाड, जिथं दुसरं काही येत नाही तिथं ते खुशाल येतं. बाहत्तरच्या दुष्काळानंतर जमिनी मातीमोल झाल्या होत्या, तेव्हा, 1974 ला, वडिलांनी सालदारकीतून साठवलेल्या पैशांत तीन एकर बरड घेतली. गाव हसलं. बरडीत बोरीची चाळीस झाडं तेवढी होती. 1975 ला महाराष्ट्रात दहावीची परीक्षा पहिल्यांदा झाली, त्या पहिल्या तुकडीतला मी. माझी फी बोरांच्या दोन पाट्यांतून गेली. पुढं शिकायचं तर आणखी पाट्या लागल्या असत्या, आणि बहिणीचं लग्न काढायचं होतं. मी शेतीत आलो.

आता त्या चाळीसातली सात झाडं राहिली. 2003 ला जळगावची महापालिका झाली, पण त्याच्या आधीपासूनच शहर आमच्याकडं सरकत होतं. आज माझ्या कापसाच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. तिसऱ्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालताना माझं निंदणं बघते. कधी वरून विचारते, "काका, मेथी लावली का?" बांधावर प्लॉट पाडणाऱ्यांची मोटारसायकल महिन्यातून दोनदा येते. ज्या बरडीवर गाव हसलं तिचा आजचा आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला तर वाचणाऱ्याला पुढचं काही वाचवणार नाही.

मुलाचा पुण्याला फ्लॅट आहे, त्याचे हप्ते आहेत, त्याच्या मुलाची शाळा आहे. मोटारसायकलवाल्यांनी त्याचाही नंबर मिळवलेला होता. समुद्राचं आमंत्रण त्याच्याशी अगदीच सुटं नाही, हे मी ताडलं होतं. पण बायकोनं समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. तिनं पंढरपूर पाहिलं, मुक्ताईनगरच्या यात्रेला ती दरसाल जाते, त्र्यंबकेश्वर झालं. समुद्र राहिला होता. भाच्याला शेताकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघालो.

जळगावहून रात्रीच्या गाडीनं पुणं, तिथून मुलाच्या मोटारीनं सातारा, कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट. घाटाच्या माथ्यावर हवा कोरडी होती. खाली उतरता उतरता अंगाला चिकटू लागली. कणकवलीच्या पुढं रस्त्याच्या कडेची माती तांबडी. मी एका ठिकाणी गाडी थांबवून मूठभर माती हातात घेतली. ढेकूळ दाबलं की जांभा दगड कुठं संपतो आणि माती कुठं सुरू होते हे समजत नाही. आमच्या काळीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हिला ती सवय नाही. सून म्हणाली, "नाना, हात पुसा, सीट खराब होईल."

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढं देवबाग. जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे तिथं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि पट्टीच्या टोकाला दोघांची गाठ. सिंधुदुर्ग जिल्ह्याला 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून या पट्ट्यात राहण्या-जेवण्याची ठिकाणं वाढत गेली. त्यातली बरीच घरगुती आहेत. घरचीच बाई मासे तळते आणि घरचाच माणूस खोल्या दाखवतो. आमचं ठिकाण मात्र मोठं होतं. कंपाउंड, फाटक, फाटकावर शिपाई.

फाटकावरच पहिला खटका उडाला. बायकोनं कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि पिशवीभर बोरं आणली होती. शिपाई म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. बायको म्हणाली, "बाहेरचं कुठं आहे? घरचं आहे." तो हसला, पण पिशवी काही सोडेना. शेवटी सुनेनं मॅनेजरशी बोलून बोरं आत घेतली, भाकरी गाडीतच राहिल्या. मग प्रत्येकाच्या मनगटाला एकेक निळी पट्टी बांधली. ही पट्टी असली की जेवणघरात कोणी विचारत नाही, तिन्ही दिवस काढायची नाही, आंघोळीतसुद्धा. बायको हात पुढं करून म्हणाली, "सिव्हिलमधी भरती केल्यावानी वाटतं."

नातू नऊ वर्षांचा आहे. तो पट्टी दाखवत तिथल्या तिथं तीन सरबतं पिऊन आला.

मुलानं मला या पद्धतीचा इतिहास सांगितला. 1950 साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियमच्या माणसानं स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीचं एक गाव वसवलं. एकदाच पैसे भरायचे, मग राहणं, खाणं, खेळणं सगळं त्यात. त्याचं नाव क्लब मेडिटरेनी. वरच्या दारू-सरबतासाठी तिथं नाणी चालत नसत. लोक गळ्यात मण्यांची माळ घालायचे आणि एकेक मणी तोडून द्यायचे. नुकतीच लढाई संपलेली, युरोपातल्या लोकांनी रेशनकार्डावर दिवस काढलेले. त्या माणसाला न मोजता वाढलेलं ताट केवढं वाटलं असेल! हे मला पटलं. बाहत्तरला आम्ही सुकडी आणि लाल मिलो खाल्लाय. न मोजता वाढणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण मोजायची सवय माझी जाईना. दोघांचे एका रात्रीचे नऊ हजार. तीन रात्रींचे सत्तावीस. कापसाला तेव्हा सात हजारांच्या आसपास भाव होता, म्हणजे चार क्विंटल कापूस आम्ही दोघं तीन दिवसांत राहून, खाऊन आणि झोपून संपवणार होतो. चार क्विंटल वेचायला किती बाया किती दिवस लागतात ते मी मनात धरलं आणि गप्प बसलो. मुलाच्या पैशांचा हिशेब बापानं तोंडावर करू नये.

जेवणघर लांबलचक होतं. भिंतीलगत भांड्यांची ओळ, खाली दिवे पेटलेले, झाकण उघडलं की वाफ. सकाळी घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, अंडी. दुपारी बांगडा, सुरमई, कोंबडी, सोलकढी, तांदळाची भाकरी, तीन भाज्या, पंजाबी पनीर, शेवया आणि केक. मी बांगडा खाल्ला. तिरफळ घातलेलं होतं. दाताखाली आलं की जीभ मुंग्या आल्यासारखी होते. बरं लागलं. बायको माळकरी, तिचं सगळं लक्ष सोलकढीवर. तिनं पहिल्याच दिवशी चार वाट्या घेतल्या आणि आमसुलाचं प्रमाण विचारायला कोणी बाई सापडते का ते शोधू लागली. केळी ठेवलेली होती, ती मी जळगावचा म्हणून हातात घेऊन पाहिली. वरून पिवळी, आत दाठर, पिकायच्या आधी बाहेर काढलेली. ठेवून दिली.

खाणारे लोक निरखत बसलो. हिशेबी माणूसही इथं बेहिशेबी होतो. एक गृहस्थ ताटात सात पदार्थ घेऊन आले, दोन खाल्ले, ताट सरकवून दुसरं घेऊन आले. पैसे तर भरलेच आहेत. ताटं उचलणारी पोरं झारखंड, ओडिशाकडची होती. त्यातल्या एकाला मी मोडक्यातोडक्या हिंदीत पगार विचारला. शेतकऱ्याला ही खोड असते, कोणी भेटलं की आधी भाव विचारायचा. त्यानं आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "रहना-खाना उसी में है." बारा जणांना मागच्या अंगाला एक खोली आहे. सुट्टी वर्षातून एकदा, छटपूजेला.

खाऊनपिऊन साल. फक्त आखाजीच्या जागी छट.

बायकोचं काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण ते माझ्यासारखं चाललेलं नव्हतं. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ती ताट घेऊन उठली आणि नळ शोधू लागली. पोरानं तिच्या हातातून ताट घेतलं. ती जागच्या जागी उभी राहिली, हात रिकामे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला नेहमीप्रमाणं जागी झाली, उठून बसली, इकडंतिकडं पाहिलं आणि परत आडवी झाली. आठला उठली. एकेचाळीस वर्षांत ती बाळंतपणं सोडून आठला उठलेली मला आठवत नाही. आणि बाळंतपणातही किती, ते मला सांगता येणार नाही. दुपारी मी तिला म्हटलं, "काय हे, कैद्यासारखं फाटकाच्या आत बसायचं, घंटा वाजली की खायला जायचं."

ती म्हणाली, "तुमाले कैद वाटते. मले नही वाटत. मले आवडलं अठी. दोन टाइम काय रांधू, हे कोन्हीच मले इचारलं नही."

यावर मी काय बोलणार?

समुद्र तिनं संध्याकाळी पाहिला. पायावर पाणी आल्यावर ती मागं सरली नाही. वाकून ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं, "खारंच आहे की वो," म्हणाली. जसं कोणी इतकी वर्षं सांगत होतं आणि तिनं पूर्ण विश्वास ठेवलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहायला मालवणला गेलो. होडीचं भाडं त्यात नव्हतं. डॉल्फिन दाखवायची होडी, पाण्याखाली जाऊन मासे पाहणं, हेही त्यात नाही. "सगळं" म्हणजे किती, हे फाटकाबाहेर पडल्याशिवाय कळत नाही. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1664 ला सुरू केलं आणि 1667 ला पुरं झालं. नातू तटावर पळत होता. मी विहिरींपाशी रेंगाळलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधल्या खडकात प्यायचं गोडं पाणी. पाऊस मुरतो, गोडं पाणी हलकं असल्यामुळं खाऱ्याच्या वर राहतं, आणि जोवर बेतानं उपसलं जातं तोवर ते टिकतं. आमच्याकडं बोअरवेल पाचशे फुटांवर जाऊन कोरडी निघते. त्या कुंडांच्या काठाशी मी इतका वेळ उभा राहिलो की मुलगा शोधत आला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. वाळू कोणाच्या कंपाउंडमध्ये येत नाही, ती सगळ्यांची. तिथं रापण चालली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धं वर्तुळ मारून येते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं ते ओढतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडं सरकत येतात. म्हातारे होते, पोरं होती, दोन बायाही होत्या. मी चपला काढल्या आणि दोराला हात घातला. कोणी नको म्हटलं नाही. पाऊण तास ओढलं. मोटेचा नाडा लहानपणी धरलेला, तो जोर कसा लावायचा हे पाठीला ठाऊक होतं. जाळं वर आलं तेव्हा चांदीसारखी तारली तडफडत होती, मधे थोडे बांगडे. मासा फार नव्हता. आता पूर्वीसारखा मिळत नाही, असं तिथला प्रत्येक जण म्हणत होता, अगदी आम्ही पावसाबद्दल म्हणतो तसं. मग वाटे पडले. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. एका म्हाताऱ्यानं पिशवीत सात-आठ मासे घालून माझ्यापुढं धरले. मी नको म्हणू लागलो तर म्हणाला, "दोरयेक हात लायलात मां? मगे वाटो घेवक होयो."

हा माझा कष्टाचा वाटा घेऊन मी मुदपाकखान्याच्या दाराशी गेलो. तिथल्या माणसानं हात जोडले. बाहेरचं शिजवता येत नाही, नियम आहे. मासे हातात धरून मी आवारात उभा होतो, तेव्हा माडांच्या आळ्यांना पाणी सोडणारा माळी दिसला. पंचावन्नच्या आसपासचा, डोक्याला पंचा. त्याला म्हटलं, भाऊ, घरी न्या. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आम्ही आळ्याच्या कडेला टेकलो. दोन शेतकरी कुठंही भेटले तरी पाच मिनिटांत एकमेकांचं बांध-विहीर काढतात.

ती जमीन त्यांची होती. आमच्या खोलीसमोरचे माड त्याच्या आजानं लावलेले. सातबारा सामाईक, नऊ वाटे. चुलते मुंबईला, त्यांची पोरं मुंबईला, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर एकट्यानं नाही म्हणून काय होणार? बारा-तेरा वर्षांपूर्वी विकली. त्याला इथंच कामाला ठेवून घेतलं. पगार आणि दुपारचं जेवण.

"जेवण त्यात?" मी विचारलं.

"त्यातच."

मी माडाकडं बघत होतो. तो म्हणाला, "नारळ पडलो तरी ऑफिसात नेऊन देवचो लागता." हे सांगताना तो चिडलेला नव्हता. पाण्याचं मात्र त्याला लागलं होतं. बाव त्यांचीच, जुनी. आता तिच्यावर दिवसभर पंप चालतो, पोहायच्या टाक्यासाठी, हिरवळीसाठी. वैशाखात पाणी मचूळ होतं. आदल्या दिवशी किल्ल्यातल्या विहिरी पाहून आलेलो मी, मला फोड करून सांगायची गरज नव्हती.

मी विचारलं, मग वाईट झालं म्हणायचं का? माझ्या मनात हो असंच उत्तर तयार होतं, हे कबूल करायला हरकत नाही. त्यानं पाण्याची नळी दुसऱ्या आळ्यात टाकली, परत येऊन बसला.

"वाईट झाला असा मी म्हणूचंय नाय," तो म्हणाला. "चेडवाचा नर्सिंग झाला त्या पैशान. ता आता मुंबईत नोकरीक आसा. माडार बसान झाला नसता."

नऊ वाट्यांतला एक वाटा, त्यात एक पोरगी शिकली. बाकीच्या आठांचं काय झालं, ते त्याला नीटसं सांगता आलं नाही. एकानं गाडी घेतली होती, एवढं आठवत होतं.

मी त्याला बोरं दिली. त्यानं एक तोंडात टाकलं, बी चघळत राहिला, आणि मग बी थुंकून न टाकता खिशात ठेवली. म्हणाला, रुजतंय का बघू. तिथल्या दमट हवेत आमची बोर कितपत मानवेल मला शंका आहे. मी तसं बोललो नाही.

मुलानं विषय काढला तो त्याच संध्याकाळी, वाळूवर बसल्यावर. मोठ्या सभ्यपणानं काढला. त्याचं म्हणणं मी इथं माझ्या सोयीनं लहान करून लिहिणार नाही, कारण त्यात तथ्य होतं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही पासष्टी ओलांडली. मी शेती करणार नाही, हे मी तुम्हाला कधी लपवलं नाही. इमारतींचं सांडपाणी तुमच्या बांधात शिरतं. बोरं पिकायच्या आधी पोरं दगड मारून पाडतात. वेचणीला बाया मिळत नाहीत. गेल्या तीन वर्षांत शेतीनं तुम्हाला दिलं की तुम्ही शेतीला दिलं? त्यापेक्षा विकू. तुम्ही दोघं आमच्याकडं या. काही करायचं नाही. खायचं, प्यायचं, नातवाबरोबर राहायचं. सगळं..."

"सगळं त्यात," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी राजी झालो.

मी माळ्याची गोष्ट सांगितली, वडिलांच्या अकरा सालांची सांगितली. मुलानं ऐकून घेतली. पण गोष्टीनं हप्ता भरत नाही, आणि त्या माळ्याची पोरगी माझ्या विरुद्धच साक्ष देत होती. सून गप्प होती. नातू वाळूत विहीर खणत होता. हातभर खोल गेला की खालून आपोआप पाणी यायचं आणि त्याला फार मौज वाटायची.

बायको जरा पुढं, पाणी पायाला लागेल अशी बसली होती. तिला ऐकू जात नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती तोंड न वळवता म्हणाली, "तुमी बापलेक केव्हाचे बोली राहिले. त्या वावरात मी एकेचाळीस साल निंदलं. मले काबर नही इचारत?"

मुलगा म्हणाला, "माय, तूच सांग. विकायचं का ठेवायचं?"

"ते मंग. आंधी सातबाऱ्यावर माझं नाव लावा. नाव नही तर मी काय सांगू? मी तर त्यातच."

इथं थोडं मागचं सांगतो. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आमच्या भागातून ट्रक भरून बाया गेल्या, त्यात ही होती, लग्नाला तीन वर्षं झालेली. तिथून आली ती वेगळीच. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर शेताचा तुकडा करून द्या म्हणून. गावोगाव शेतकऱ्यांनी तसं केलं. आमचा सातबारा तेव्हा वडिलांच्या नावावर होता आणि वडील म्हणत, मी अकरा सालं मोजून घेतलेली जमीन आहे, माझ्या डोळ्यादेखत तिचं काही करू नका. विषय तिथं थांबला. तो तिच्यापुरता थांबलेला नव्हता, हे मला तारकर्लीच्या वाळूत समजलं.

मुलगा काही वेळानं म्हणाला, "बरोबर आहे मायचं." हप्त्यांचं तो त्या रात्री पुन्हा बोलला नाही. मी माझ्याकडून त्याला एवढं सांगितलं, की तुझ्या हप्त्याला मदत लागली तर कापसातून जमेल ती करीन, पण जमिनीचं बोलणं आता तिघांत होईल, दोघांत नाही.

परत येताना फोंडा घाटात थांबून गाडीतल्या तीन दिवसांच्या कळण्याच्या भाकरी काढल्या. वाळून कडक झाल्या होत्या. ठेचा लावून त्या सगळ्यांनी खाल्ल्या, सुनेनंही. पट्ट्या अजून हातावरच होत्या. नातवानं ती शाळेत दाखवायची म्हणून कापू दिली नाही.

मेहरूणला आल्यावर पुढच्या सोमवारी आम्ही दोघं तलाठ्याकडं गेलो. अर्ज लिहून दिला. बायकोनं सही केली, अंगठा नाही; चौथीपर्यंत शिकलेली आहे. तीनपैकी दीड एकर, बोरीच्या सात झाडांच्या बाजूचा. बाजू तिनंच निवडली. फेरफाराची नोटीस लागली, नोंद मंजूर व्हायची अजून आहे. मोटारसायकलवाले मधे एकदा येऊन गेले. मी विहिरीवर होतो. तिनं त्यांना बांधावरच सांगितलं, बोलायचं तर दोघांसमोर बोला, अन् जेवायच्या टायमाला येऊ नका, मी कोणाला चहा करणार नही.